शेपटीची गाडी

मामांच्या गाडीत बसलं की काच खाली करायची नाही, हा नियम होता. लातूरच्या उन्हाळ्यातसुद्धा. एसीही लावायचा नाही, कारण तो पेट्रोल पितो. मग माणसानं करायचं काय, तर घाम पुसत बसायचं. आई चिडून काचेच्या हँडलला हात घालायची आणि पुढून मामांचा आवाज यायचा, "आक्का, हवा आत घेऊ नको. आत आली की ती बाहेर जायची वाट हुडकती आन् गाडीला मागं वढती." आई म्हणायची, "विलास, मी इथं शिजून मेले तर माझी अंत्ययात्रा बी काचा लावूनच काढ." मामा हसायचे. काच मात्र वरच राहायची.

विलासमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. आमच्या गल्लीत त्यांना विमानमामा म्हणत आणि त्यांच्या जुन्या डिकीवाल्या गाडीला विमान. धंदा विमानाचा नव्हता. लातुरात नांदेड रोडला त्यांचं फ्लेक्सचं आणि पाट्यांचं दुकान होतं. वाढदिवस, लग्न, क्लासच्या पोरांचे गुलाल लावलेले फोटो, सगळं मामांच्या मशीनमधून निघून चौकाचौकांत चढायचं. भीमजयंतीच्या आठवड्यात तर ते घरी जेवायलाही येत नसत, मामी डबा पोचवायची. आणि नेमकं त्याच दिवसांत वळवाचं वारं सुटायचं. दुपारी टांगलेलं फ्लेक्स संध्याकाळी फाटून विजेच्या तारेवर. त्यामुळे गावोगावी फिरताना लोक देवळं-मशिदी बघतात तसे मामा आधी बोर्ड बघायचे. कुठला फुगलाय, कुठला फडफडतोय, कुठल्याची फळी वाकलीय. त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम कटर असे, आणि मोठं फ्लेक्स टांगलं की ते शिडीवर चढून त्यात अर्धचंद्राच्या चिरा मारत. गिऱ्हाईक ओरडायचं, "अहो, साहेबांच्या कोटाला भोकं पाडून राहिलात!" मामा वरून सांगायचे, "भोकं न्हाईत. हवेला वाट ठिवलीय. वाट न्हाई दिली तर साहेबासकट बोर्ड घिऊन जाईल ती."

एवढी वर्षं हवेशी भांडून त्यांना हवेचाच नाद लागला. गाडीवर हवा कुठून कशी जाते हे बघायचं म्हणून त्यांनी मामीचा अर्धा विणलेला स्वेटर उसवला आणि लोकरीचे वीतभर तुकडे सेलोटेपनं गाडीभर चिकटवले. बॉनेटवर, दारांवर, डिकीवर. मग मामा गाडी चालवणार, मामाचा मुलगा शेजारून मोटरसायकल चालवणार आणि मी त्याच्या मागं बसून ओरडायचं, कुठला धागा सरळ पडलाय आणि कुठला नाचतोय. रेणापूरच्या रस्त्यावर आम्ही हे करायचो. शेतात काम करणाऱ्या बाया उभ्या राहून बघायच्या. त्यांना काय वाटत असेल कुणास ठाऊक, केसाळ गाडी जाते आणि शेजारून एक पोरगी बोंबलते, "मामा, मागच्या काचेचे सगळे नाचून राहिलेत!"

ज्या जागी धागा नाचला तिथं मामांचा हात पडला. मागची चाकं त्यांनी सपाट झाकणं लावून बंद केली. गाडीच्या पोटाखाली जाड फ्लेक्स ताणून बसवलं. ते कुठल्याशा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं होतं, त्यामुळे हात जोडलेले साहेब रस्त्याकडे तोंड करून लातूर जिल्हाभर फिरले. आणि मग आली शेपटी. गाडी पुढं जाते तेव्हा तिच्या मागं हवा गरगरते आणि तीच गाडीला धरून ठेवते, असं मामांचं म्हणणं. म्हणून छपराच्या कडेपासून डिकीवरून मागं हातभर बाहेर, निमुळती होत जाणारी शेपटी त्यांनी बोर्डाच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून केली. पत्रे एका बंद पडलेल्या कापड दुकानाच्या पाटीचे होते. डाव्या बाजूला 'साड्या' आणि उजव्या बाजूला 'ड्रेस मटे' एवढी अक्षरं शिल्लक होती. डिकी उघडायची तर दोन नट सोडवून शेपटी वर उचलावी लागे. सबंध हिवाळा त्यांनी तिच्यावर घालवला. कडा कानशीनं घासल्या, पुन्हा धागे लावले, पुन्हा मला मोटरसायकलवर बसवलं. ज्या दिवशी मागचे सगळे धागे सरळ झोपले, त्या दिवशी मामा गाडी बाजूला घेऊन उतरले आणि शेपटीवरून हात फिरवत कितीतरी वेळ उभे राहिले.

गाडी चालवताना ते कान देऊन चालवायचे. कुठून बारीक शिट्टी आली की चेहरा उतरायचा. "ऐकलं का? हवा कुटंतरी आडकून बोंबलून राहिली." मग रस्त्याच्या कडेला गाडी थांबणार, मामा टेपचा गुंडा घेऊन फटी शोधणार, आणि मागं लग्नाला निघालेली आई मुहूर्त टळला म्हणून कपाळ बडवणार. पोलीस अडवायचे तेव्हा मामा त्यांनाही उतरून हवा समजावून सांगत. ते कंटाळून सोडून देत. पेट्रोल खरोखर वाचायचं का? वाचायचं. टाकी फुल करून औशाला जाऊन यायचे, पुन्हा फुल करायचे आणि दुकानात पेढे वाटायचे. आईचं मत वेगळं होतं. ती म्हणायची, "वाचलं ते पत्र्यात आन् रिबिटीत गेलं."

त्याच हिवाळ्यात मामांनी गाडीचं तोंड बंद केलं. पुढच्या जाळीतून हवा आत घुसते, इंजिनात धडपडते, फुकट ताकद खाते. त्यांनी पांढऱ्या सनबोर्डाची, म्हणजे पाट्यांच्या हलक्या फोमची, फळी कापून जाळीवर बसवली, खाली बोटभर फट ठेवली. दोन्ही बाजूंनी चिकटणारा टेप लावूनही ती दोनदा उडून गेली, तेव्हा चिडून त्यांनी बंपरला चारी बाजूंनी भोकं पाडून ती रिबिटांनी पक्की केली. डिसेंबरात गाडी अशी पळाली की मामा गाणी म्हणायला लागले. नंतर फेब्रुवारी गेला, मार्च गेला. गावातल्या गावात कुणाला काही जाणवलं नाही, आणि फळी तिथंच राहिली.

मे महिन्यात माझी डॉक्टरकीच्या प्रवेशाची परीक्षा होती. दुसऱ्यांदा. पहिल्या वेळी थोडक्यात हुकलं होतं आणि बाबांनी शांतपणे सांगितलं होतं, "हे एक वर्ष. मग बीएस्सी कर, नाहीतर आलेलं स्थळ बघू." बाबा ओरडले असते तर मी भांडले असते. ते शांतपणे बोलले म्हणून मला कळलं की हे पक्कं आहे. त्यात केंद्र आलं नांदेडला. आदल्या दिवशी जाऊन राहायचं ठरलं होतं, पण मला ताप भरला आणि रात्र घरीच काढायची ठरली. बाबांना गाडी लागते, ते येणार नव्हते. आई एसटीचं बघत होती. तेवढ्यात मामा दारात. "मपली भाची एसटीत उभी राहून जाणार? सकाळी निगू. तिच्या पोटातलं पानी हालणार न्हाई असं नेतो." आईनं माझ्याकडं पाहिलं. मी हो म्हटलं, कारण मामांच्या गाडीत मला भीती वाटत नसे.

सकाळी ताप उतरला होता. अर्ध्या बाह्यांचा फिका ड्रेस, पायात चपला, हातात प्रवेशपत्र आणि आरपार दिसणारी पाण्याची बाटली, कारण दुसरी चालत नाही. बाबा "जय भीम" म्हणून दारातच थांबले. मामांनी डिकीत पाण्याचा कॅन आणि हत्यारांची पिशवी टाकली, शेपटी खाली ओढली आणि तिचे दोन्ही नट आवळले. नट आवळायचा पाना त्यांच्या हातात होता. तो त्यांनी मागच्या सीटवर टाकला आणि आईनं तो टोचतो म्हणून दारातच बाबांच्या हातात दिला. हे कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.

दीडला फाटक बंद होणार होतं. आमच्या हाताशी चिक्कार वेळ होता. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं. काचा वर, गाडी चुलीसारखी तापलेली, मी डोळे मिटून सूत्रं आठवत होते. मामा मध्येच म्हणाले, "बग, एक बी शिट्टी न्हाई." त्यांच्या आवाजात सणाचा आनंद होता. मग ते बोलायचे बंद झाले.

मी डोळे उघडले तेव्हा ते समोरच्या, इंजिनाची गरमी दाखवणाऱ्या काट्यावर बोटानं टकटक करत होते. काटा लालच्या कडेला होता. "काय झालं?" आई म्हणाली. "काय न्हाई आक्का, चढ हाय." रस्ता सपाट होता. त्यांनी वेग कमी केला, काटा तिथंच. आणि मग मामांनी हात पुढं करून हीटर लावला, सगळ्यात मोठा. मे महिन्यातल्या भर उन्हात पायांवर भट्टीची झळ आली. आई किंचाळली, "विलास, डोकं फिरलं का तुझं?" "इंजिनाची गरमी हिकडं वढून घिऊन राहिलो. जरा सबूर कर." त्यांची नजर रस्त्यावर कमी आणि काट्यावर जास्त होती. मामांना घाबरलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

माळाकोळीच्या अलीकडे बॉनेटच्या फटीतून वाफ आली. मामांनी गाडी बाभळीच्या सावलीत घेतली. आजूबाजूला नांगरून टाकलेली काळी रानं, घर नाही, हॉटेल नाही. आई रस्त्यावर जाऊन हात करायला लागली. एक एसटी आली, खच्चून भरलेली, खिडक्यांत माझ्यासारखीच पोरं-पोरी. थांबली नाही. दोन जीपा गेल्या, टपापर्यंत माणसं. एक मोटरसायकल थांबली तेव्हा आई धावत गेली, तर त्यावरच्या दोघांना शेपटीचा व्हिडिओ काढायचा होता. "काकू, काय चीज हाय ही?" आईनं चप्पल हातात घेतली तेव्हा ते पळाले. नेहमी तोंडाचा पट्टा चालवणारी माझी आई परत येऊन गप्प उभी राहिली आणि घड्याळ बघत राहिली. ते मामांना सहन झालं नाही. "आक्का, शिव्या तरी दे," असं ते म्हणाले.

मग ते गाडीच्या तोंडासमोर उकिडवे बसले. फळीला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. खिशातून कटर काढलं. त्यांच्या हाताला सवय होती, त्या सवयीनं त्यांनी फळीत पहिली चीर मारली ती अर्धचंद्राची. ती चीर बघून ते थांबले.

"दुनियेच्या बोर्डाला भोकं पाडली मी," ते म्हणाले, "आन् मपल्याच गाडीचं तोंड शिवून ठिवलं."

हे ते मला सांगत होते की स्वतःला, कळलं नाही. पुढच्या क्षणी त्यांनी कटर असं चालवलं की फळीचे तुकडे माझ्या पायाशी पडायला लागले. रिबिटा तशाच, त्यांना चिकटलेले पांढरे कोपरे तसेच. मग ते पाठीवर झोपून गाडीखाली सरकले, कारण पोटाखालच्या फ्लेक्सनं गरम हवेची बाहेर जायची वाटही अडवली होती. हात जोडलेले साहेब फाटत बाहेर आले. खालून एकदा मामांचा "आई गं" असा आवाज आला. बाहेर निघाले तेव्हा कोपरापासून मनगटापर्यंत कातडी लाल झाली होती. त्याकडं त्यांनी बघितलंही नाही.

आता पाणी. पाणी डिकीत, डिकीवर शेपटी, शेपटीला नट आणि पाना घरी बाबांकडे. दुसरा पाना हत्यारांच्या पिशवीत, ती पिशवी डिकीत. मामांनी नुसत्या बोटांनी नट फिरवून पाहिला. मी माझी बाटली पुढं केली. "मामा, हे घ्या." त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी हात मागं घेतला.

"ते तुपलं पानी हाय. परीक्षेतलं."

एवढं बोलून ते दोन पावलं मागं गेले आणि शेपटीला लाथ घातली. पत्रा वाकला, सुटला नाही. दुसरी लाथ. तिसरीला ते ओरडले, गुरावर ओरडावं तसे. ज्या कडा त्यांनी कानशीनं घासून घासून मऊ केल्या होत्या त्या चुरगळल्या, 'साड्या' एका बाजूला लोंबली, आणि शेवटी दोन्ही हातांनी धरून त्यांनी ती अख्खी उपटून रानात फेकली. आईनं डोळ्यांना पदर लावला. मला रडायला येत होतं आणि मी रडत नव्हते, कारण रडले तर सूत्रं विसरतील अशी वेडी भीती मला वाटत होती.

रेडिएटरच्या टोपणावर ओलं फडकं टाकून ते कलानं उघडायलाही वेळ लागला. मामा घाई करत नव्हते. त्यांच्या कपाळावरची शीर दिसत होती, पण हात आता स्थिर होते. थोडं थोडं पाणी, थोडं थांबणं. गाडी चालू झाली तेव्हा आई मोठ्यांदा घड्याळ सांगायला लागली. मामांनी गिअर टाकला आणि मागं न बघता म्हणाले, "पोरी, काचा खाली घे. समद्या."

चारी काचा खाली गेल्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मामांच्या गाडीत वारा आला. आईचा पदर उडाला, माझे केस तोंडावर आले, प्रवेशपत्र फडफडायला लागलं ते आईनं दोन्ही हातांनी छातीशी धरलं. हीटर चालूच, खिडकीतून तापलेला वारा, आणि बंपरकडून जीवघेणी शिट्टी. एक नाही, पाच-सहा. मामा त्या ऐकत होते, मला आरशात त्यांचे डोळे दिसत होते. लोहा मागं गेलं, सोनखेड गेलं. काटा लालच्या खाली यायचा, पुन्हा चढायचा. तो चढला की ते वेग उतरवायचे, आणि वेग उतरला की आई पुटपुटायला लागायची. नांदेडच्या गर्दीत शिरलो तेव्हा मामा हॉर्नवरचा हात काढत नव्हते.

केंद्राच्या रस्त्यावर पोलिसांनी दांडा आडवा लावला होता. मामांनी गाडी तिथंच रस्त्याच्या मध्ये सोडली, माझं दार उघडलं आणि म्हणाले, "पळ. मागं बगू नको." मी पळाले. फाटकाचा एक पल्ला लागला होता आणि दुसऱ्यावर शिपायाचा हात होता. माझ्या मागं आणखी एक मुलगा धावत होता, त्याच्या पायांचा आवाज मला ऐकू येत होता. मी आत गेले. तो मुलगा आत आला नाही. पेपर हातात आला तरी थोडा वेळ मला त्याच्या पायांचाच आवाज येत राहिला. मग मी बाटलीतलं पाणी प्यायले आणि लिहायला लागले.

संध्याकाळी बाहेर आले तर आई लिंबाखाली बसलेली. गाडी मला ओळखूच आली नाही. मामांनी त्या तीन तासांत चाकांवरची झाकणं काढली होती, पोटाखालच्या पट्ट्या काढल्या होत्या, रिबिटा उपटून सगळा टेप खरवडला होता. कुणाचीही असावी अशी जुनी गाडी उभी होती. "कामून काढलं मामा?" मी म्हटलं. "पेपर कसा गेला ते सांग." "चांगला गेला. पण कामून काढलं?" ते भाजलेल्या हातावर फुंकर मारत राहिले. मग म्हणाले, "तू आत गेल्यावर एक पोरगं फाटकाला डोकं लावून रडत होतं गं. मला वाटलं, आपली आसती." मी त्यांना मिठी मारली. आमच्याकडं मामाला मिठी मारायची पद्धत नाही, ते अवघडून नुसते उभे राहिले.

त्या वर्षी माझा नंबर लागला. मामांनी सगळ्या गल्लीला दिसेल एवढं फ्लेक्स लावलं, माझा फोटो गुलाल लावून, आणि माझ्या दोन्ही कानांच्या बाजूला अर्धचंद्राच्या चिरा. मी दर सुटीत म्हणायचे, "मामा, शेपटी परत करू. मी बसते मोटरसायकलवर." ते म्हणायचे, "करू की." कधी केली नाही. गाडीत आता खुशाल काचा खाली असायच्या, आई आरामात बसायची, आणि मला ते पाहवत नसे. लोकरीचा एक धागा मागच्या काचेच्या रबरात अडकून राहिला होता. तो तेवढा त्यांनी काढला नाही.

गेल्या पावसाळ्यात मामा गेले. दुकानात बसल्या बसल्या डोक्यातली नस फुटली. त्यांनी जिला फाटकाकडं पिटाळलं होतं ती डॉक्टरीण पोचली तेव्हा तिला करण्यासारखं काही उरलं नव्हतं. दिवस झाल्यावर मामीनं गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली.

मी रेणापूरच्या दवाखान्यात असते. रोज लातूरहून त्याच गाडीनं जाते, जिथं आम्ही धागे बघायचो त्याच रस्त्यानं. बंपरच्या चारी बाजूंना रिबिटांची भोकं अजून आहेत. परवा डेंटिंगवाला म्हणाला, "मॅडम, पुटी भरून देतो, आवाज बंद होईल." मी त्याच्यावर उगाचच ओरडले. सत्तरच्या वर गेलं की ती भोकं शिट्टी मारतात, आधी एक, मग सगळी मिळून. मे महिन्यातही मी काचा वर ठेवते. खाली केल्या तर शिट्टी ऐकू येत नाही.